एपीए 7 मध्ये मराठी पुस्तकांचे संदर्भ कसे द्यायचे? पेपर परत आलाय

दफ्तरातली_उंदरीण
पेशवेकालीन बाजारपेठांवरचा पेपर एका इंग्रजी जर्नलला पाठवला होता, आठ दिवसांत परत. रिव्ह्यूला गेलाच नाही. कारण काय तर संदर्भ एपीए 7 प्रमाणे (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत, तिची सातवी आवृत्ती) नाहीत, नीट करून पुन्हा अपलोड करा. एकूण 64 संदर्भ आहेत, त्यातले निम्मे मराठी. झोटेरो (संदर्भ साठवून यादी बनवणारं सॉफ्टवेअर) वापरते पण मराठी पुस्तकं हाताने टाकलीत, काही देवनागरीत, काही रोमनमध्ये, जसा मूड असेल तसं, आणि आता देवनागरीवाली सगळी यादीच्या शेपटाला जाऊन बसलीत. काल रात्री दोनपर्यंत वर्डमध्ये बसून यादी हाताने सुधारली, इटॅलिक, स्वल्पविराम, सगळं, आणि मग एक राहिलेला संदर्भ टाकायला गेले तर झोटेरोने रिफ्रेश मारला आणि पुन्हा जैसे थे. रडायचीच बाकी होते.
मराठी शीर्षक रोमनमध्ये लिहायचं की भाषांतर द्यायचं? आणि मुखपृष्ठावर नुसतं शके छापलंय त्यांचं काय करू? गाईड म्हणतात बघून घे.

खिळेजुळारी
गाईड म्हणतात बघून घे, हे वाचून स्वतःचे दिवस आठवले :)
मी मुद्रितशोधनाचं आणि कॉपी एडिटिंगचं काम करतो, अशा याद्या रोज बघतो. पहिली गोष्ट, वर्डमधल्या यादीला हात लावायचा नाही. ती यादी म्हणजे फक्त आरसा आहे, चेहरा झोटेरोच्या लायब्ररीत आहे, आरसा पुसून डाग जात नाही. जे काही बदलायचं ते लायब्ररीतल्या एंट्रीत बदला आणि मग रिफ्रेश करा.
मराठी पुस्तकासाठी एपीएमध्ये दोन्ही लागतं, म्हणजे लेखक आणि शीर्षक रोमन लिपीत आणि लगेच पुढे चौकोनी कंसात शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर. ते शीर्षकाच्या रकान्यातच टाकून द्या. फक्त कंसातला भागही इटॅलिक होऊन येतो, तो खरं तर सरळ हवा, पण ते अगदी शेवटी बघू. यादी रोमनमध्ये आली की शेपटाचा प्रश्न आपोआप मिटतो.
प्रकाशनाचं गाव काढून टाका. 2019 ला सातवी आवृत्ती आली तेव्हापासून पुस्तकाला गाव लागत नाही, तरी अजून निम्म्या याद्यांत पुणे, मुंबई असतंच. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तिथे तो पूर्ण लिंकच्या रूपात द्या आणि लिंकनंतर पूर्णविराम देऊ नका.
आणि शीर्षकं सेंटेन्स केसमध्ये, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून बाकी सगळं लहान अक्षरांत. हे झोटेरो स्वतःहून करत नाही बरं का, शीर्षकाच्या रकान्यावर राइट क्लिक करून करावं लागतं आणि नंतर पेशवा, पुणे वगैरे विशेषनामांची पहिली अक्षरं पुन्हा मोठी आहेत का ते डोळ्यांनी बघावं लागतं.

ओपीडी_संपली
तुम्ही लोक अजून नावं आणि सालं लिहिता? आमच्याकडे डॉक्टर लोकांत व्हँकूव्हर पद्धत, मजकुरात नुसता आकडा, बरेच जर्नल सहा लेखक लिहून पुढे एट अल. (आणि इतर) म्हणून मोकळे. अर्थात मधे एक परिच्छेद हलवला की आकडे सगळे बदलतात, म्हणून हाताने करणाऱ्याचे हाल आमच्याकडेही कुत्रा खात नाही.

पोथीनिशी
ग्रंथालयात काम करते म्हणून शके आणि नावांबद्दल लिहिते.
शके सालात 78 मिळवायचे, पण पुस्तक जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातलं असेल तर 79. म्हणजे शके 1820 हे 1898 च्या चैत्रापासून 1899 च्या फाल्गुनापर्यंत. प्रस्तावनेखाली बरेचदा तिथी दिलेली असते, माघ शुद्ध अमुक वगैरे, तिथून कळतं. काहीच नसेल तर 1898–99 लिहा आणि सगळीकडे तसंच ठेवा.
आता नावं. खरी गोम इथे आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे घ्या. रोमनमध्ये कुणी डब्ल्यू लिहितो, कुणी व्ही, कुणी मधे एक जास्तीचा ए घालतो, कुणी अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देतो. सगळी स्पेलिंगं कुठल्या ना कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडतात, त्यामुळे बरोबर कुठलं हे विचारण्यात अर्थ नाही, एक ठरवा आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. एक खूण सांगते, मजकुरातल्या कंसात मधेच कुठेतरी आडनावाआधी आद्याक्षरं उगवली तर समजायचं की एकच माणूस लायब्ररीत दोन प्रकारे टाकलाय. झोटेरोला वाटतं हे दोन वेगळे राजवाडे आहेत, म्हणून ते बिचारं फरक दाखवायला जातं.
पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कागदपत्रांचे छापील खंड वापरले असतील ना? सरदेसाईंना लेखकाच्या रकान्यात टाकू नका, ते संपादक आहेत, डाव्या बाजूच्या ड्रॉपडाऊनमध्ये एडिटर करा. 45 खंड आहेत आणि सगळे 1930 ते 34 मधले, म्हणजे एकाच सालाचे तीन-चार खंड तुमच्या यादीत येणारच. प्रत्येक खंडाची एंट्री वेगळी करा, खंड क्रमांक भरा, मग सालापुढे ए, बी, सी झोटेरो स्वतः लावतं. त्या मालिकेचं शीर्षक मुळातच इंग्रजी आहे, तिथे उगाच लिप्यंतर करत बसू नका.

खिळेजुळारी
पोथीनिशी, संपादकाचं बरं आठवलं. उंदरीणताई, अजून एक विचारतो, राजवाड्यांचे जुन्या पत्रांचे सगळे खंड तुम्ही स्वतः उघडलेत ना? दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं पत्र असेल तर मजकुरात तसं सांगा आणि यादीत जे पुस्तक हातात होतं तेच द्या. रिव्ह्यूअर जुना माणूस निघाला तर पृष्ठक्रमांकावरून ओळखतो.
सगळं झालं की फाईलची एक कॉपी काढा, मूळ फाईल बाजूला ठेवा. कॉपीत झोटेरोचं अनलिंक सायटेशन्स दाबा, मग यादी साधा मजकूर होते आणि ते कंसांचे इटॅलिक हाताने काढा. आता रिफ्रेश काही करू शकत नाही. अपलोड करायची ती ही फाईल.

ओपीडी_संपली
आणि पुढच्या वेळी आधी ऑथर गाईडलाइन्स वाचा. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या बऱ्याच जर्नलना पहिल्या सबमिशनला कुठलीही स्टाईल चालते, फक्त सगळीकडे एकच हवी. मी एकदा उगाच आख्खा रविवार घालवलाय.

दफ्तरातली_उंदरीण
देवा. आत्ताच बघितलं, पान 7 आणि पान 19 वर आडनावाआधी आद्याक्षरं आलीत आणि मला वाटत होतं एपीएचाच काहीतरी नियम असेल. लायब्ररीत तीन राजवाडे निघाले, एकाचं तर आडनाव आणि नाव उलटं पडलंय, विश्वनाथ आडनाव झालंय. सरदेसाई सगळीकडे लेखक आहेत, 11 खंड.
आणि हो, दोन पत्रं दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलीत. उद्या ग्रंथालयात जाऊन मूळ खंड काढते. पोथीनिशी, शनिवारी संदर्भ विभाग किती वाजेपर्यंत उघडा असतो तुमच्याकडे?