'आपली माणसं' ग्रुप : कबीर घरी एकटा

कुमुद आत्या, ४:३१
आत्ता कबीरला टॅबवर व्हिडिओ कॉल केला. घरात एकटा आहे. पाच वर्षांचं पोर, नववा मजला! डायनिंगची खुर्ची ओढत बाल्कनीच्या दारापर्यंत नेलीय, मागे दिसत होती. निखिल, पूजा दोघंही फोन उचलत नाहीत. धायरीच्या बाजूला कोणी आहे का?

शेखर काका, ४:३३
वहिनी, म्हणजे कबीरची आजी, होत्या तोवर काही प्रश्न नव्हता. साताऱ्याला पाठवून दिलंत, आता भोगा.

नीता काकू, ४:३३
भावजी, तो विषय इथे नको.

शेखर काका, ४:३४
मी काही बोललोच नाही 🙏

बंडूदादा, ४:३५
नऱ्ह्यात आहे, निघालो. शेजारच्या फ्लॅटमध्ये चावी असते ना?

अण्णा आजोबा, ४:३६
चावी असून उपयोग नाही. नाइट लॅचची आतली खिट्टी पोराने खाली ओढली असेल तर बाहेरून चावी फिरत नाही. फायर ब्रिगेडला असताना निम्मे कॉल याचेच. १०१ लक्षात ठेव.

बंडूदादा, ४:५२
पोचलो. चावी लागली. साहेब बिस्किटं खात कार्टून बघतायत. खुर्ची आत घेतली.

मिहीर, ४:५३
पुडा संपला का ते बघ, नाहीतर दादाचंच नाव येईल 😄

कुमुद आत्या, ४:५३
मिहीर, ही थट्टेची वेळ आहे का?

पूजा, ५:०४
मीटिंगमध्ये होते. व्हॅन ४:१० ला सोडते, मावशी ४:५० ला येतात. चाळीस मिनिटांचा प्रश्न आहे. बाहेरून कुलूप असतं, तो कुठे जात नाही. आधी मला वैयक्तिक मेसेज आला असता तर बरं वाटलं असतं.

बंडूदादा, ५:०५
कुलूप नव्हतं गं. नुसतं लॅच होतं.

अण्णा आजोबा, ५:०८
नव्हतं तेच बरं. बाहेरून कुलूप म्हणजे धूर झाला तर पोराला बाहेर पडायला वाटच नाही. आणि नुसतं लॅच ठेवलं तर बेल वाजली की ते दार उघडणार. या वयात दोन्हीकडून धोकाच, मधला मार्ग नाही. त्या खिट्टीचं बघा.

बंडूदादा, ५:१२
खिट्टीचं मी करतो. दाराची आतली कडी काढून पाच फुटांवर लावतो, खुर्ची नसेल तर हात पोचणार नाही. स्लायडिंगच्या ट्रॅकला स्क्रूवाला स्टॉपर, खिडकी चार इंचांवर अडकते. बोहरी आळीत दोन्ही मिळेल. दिवाण खिडकीखालून हलवा, पोरं त्याच्यावरूनच चढतात.

शेखर काका, ५:१३
पूर्ण ग्रिल ठोका की एकदाचं.

अण्णा आजोबा, ५:१५
ठोका, पण त्यात आतून उघडणारी झडप ठेवा. बंद पिंजरा कापायला आमच्या पोरांचा वेळ जातो. गॅसच्या पाइपचा व्हॉल्व्ह आडवा करून जा. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर गॅस चालू. गिझरचा स्विच बंद, बादली रिकामी आणि पालथी. आणि ती खिट्टी.

मिहीर, ५:१६
खिट्टी समिती स्थापन करा.

सई, ५:२०
वहिनी, रागावू नकोस, माहिती म्हणून सांगते. मूल किती वर्षांचं झालं की एकटं ठेवावं, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. पण बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ मध्ये पालकाने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यामुळे मुलाला विनाकारण त्रास होण्याची शक्यता असली, तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख दंड, किंवा दोन्ही. सोसायटीतलं कोणीही १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावू शकतं.

पूजा, ५:२१
म्हणजे आता पोलीस पाठवणार का माझ्या घरी?

सई, ५:२२
कोणी पाठवत नाहीये. तुझ्या ऑफिसात ५० च्या वर माणसं आहेत ना? २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय त्यांना द्यावी लागते.

पूजा, ५:२३
ऑफिस हिंजवडीला, शाळा धायरीला. चार वाजता त्याला तिथे कोण नेणार, तू?

नीता काकू, ५:२५
सई, हे मात्र खरं आहे हं. कागदावरची सोय.

निखिल, ५:३१
टॅब असतोच त्याच्याकडे. काही झालं तर कॉल करतो.

बंडूदादा, ५:३३
सिम नाही त्यात. गुरुवारी लाइट गेली की राउटर बंद, टॅब नुसती पाटी. साधा बटणांचा फोन घे, २ दाबून धरलं की पूजाला लागेल असा.

शेखर काका, ५:३४
वहिनींना परत बोलवा. बाकी सगळं वरवरचं.

नीता काकू, ५:३५
भावजी, वहिनींचे गुडघे बघितलेत का तुम्ही? स्वतः जाऊन बसा की चाळीस मिनिटं, धायरी काही सातारा नाही.

शेखर काका, ५:३६
😑

कुमुद आत्या, ५:४०
पूजा, तुमच्याच सी विंगमध्ये त्या बाई पाळणाघर चालवतात ना? व्हॅन थेट तिकडेच उतरवू दे. मावशी तिथूनच घेऊन येतील.

सई, ५:४२
मग शाळेला आणि व्हॅनवाल्या काकांना लेखी द्या, कोणाच्या ताब्यात द्यायचं ते नाव आणि फोटोसकट. नुसतं फोनवर सांगितलं तर बदली ड्रायव्हर आला की पोराला गेटवर सोडून मोकळा.

अण्णा आजोबा, ५:४४
तोवर खिट्टी.

पूजा, ५:४९
घेतात किती त्या बाई?

नीता काकू, ५:५०
विचारून सांगते. डबा आपला द्यायचा असं ऐकलंय.