एव्होरा : दिवसभरात उरकावे की मुक्काम करावा?

चाफेकळी : येत्या मे महिन्यात आईला घेऊन पोर्तुगालला जात आहे. लिस्बनहून एव्होरा या जुन्या गावी सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे, की तेथे एक रात्र राहावे, हे ठरत नाही. आईचे वय ६८ आहे, तिचे गुडघे दुखतात आणि तिला अंडेही चालत नाही. कृपया अनुभवींनी सल्ला द्यावा.

पायवाट : अवश्य मुक्काम करा, आणि तोही तटबंदीच्या आतच. लिस्बनहून अंतर जेमतेम १३० किलोमीटर असून रेल्वेने सुमारे दीड तास लागतो, त्यामुळे बहुतेक जण दिवसभरात परततात. पण दिवसाचे प्रवासी निघून गेल्यावर, पिवळ्या पट्ट्यांच्या पांढऱ्या घरांमधून जाणाऱ्या त्या गल्ल्या खऱ्या अर्थाने पाहता येतात. पहिल्या शतकातील रोमन मंदिराचे १४ खांब उघड्या चौकातच उभे असल्याने ते रात्रीही दिसतात. हेच मंदिर १८३६ पर्यंत खाटिकखाना म्हणून वापरात होते, हे तेथे उभे राहून खरे वाटत नाही.

गुडघ्यांसाठी एक युक्ती सांगतो. मंदिर आणि कॅथेड्रल गावाच्या सर्वांत उंच भागात आहेत. तेथपर्यंत टॅक्सीने जावे आणि मग सावकाश जिराल्दो या मुख्य चौकाकडे उतरत यावे. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, तेव्हा बूट चांगले हवेत. कॅथेड्रलच्या गच्चीवर जाणारा जिना अरुंद आणि गोल आहे. आईंनी खालीच थांबलेले बरे.

माडाची सावली : मुक्कामाशी सहमत आहे, मात्र अस्थींच्या चॅपेलबाबत आईंना आधी विचारावे. भिंती आणि खांब मानवी हाडा-कवट्यांनी मढवलेले आहेत, आणि दारावर ‘आम्ही येथील हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत’ अशा अर्थाची ओळ आहे. माझ्या सासूबाई दारातूनच परत फिरल्या.

त्याऐवजी १५३० च्या दशकात बांधलेल्या जलवाहिनीच्या कमानींखाली बांधलेली घरे पाहावीत. लोक आजही त्यांत राहतात. गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक धागा : १५८४ मध्ये गोव्यामार्गे युरोपात आलेले चार तरुण जपानी दूत एव्होरालाही थांबले होते.

चाफेकळी : दोघांचेही आभार. मुक्काम पक्का. जेवणाचे काय करावे?

पायवाट : प्रांत डुकराच्या मांसाचा आहे, त्यामुळे जपून मागवावे. पाव, लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्ह तेलाचे ‘असोर्दा’ नावाचे सूप आपल्या जिभेला रुचते, पण त्यात अंडे आणि पुष्कळदा मासा असतो. दोन्ही नको असे आधीच सांगावे, आणि सुपाचे पाणी साधे की मासा उकळलेले, तेही विचारावे. एव्होराचे मेंढीच्या दुधाचे चीज मात्र निर्धास्त घ्या, कारण त्याचे दूध फाडण्यासाठी प्राण्याच्या जठरातल्या रेनेटऐवजी काटेरी रानफुलाचा अर्क वापरतात.

माडाची सावली : गावाबाहेरचे आल्मेंद्रेसचे प्रागैतिहासिक शिलावर्तुळ पाहायचे असल्यास टॅक्सीवाल्याशी येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा, शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि तेथे परतीचे वाहन मिळत नाही.