नदीकाठची कडा दरवर्षी ढासळते: भिंत घालावी की झाडं?

पाणवठा:
घरामागची जागा थेट नदीला लागते. काठ अडीच मीटर उंच, जवळजवळ उभा, माती काळी. पूर चढताना काही होत नाही, ओसरला की कडा सुटते. छपराचं पाणी पाइपने काठावरच सोडलंय. दगडी भिंत घालायचा सल्ला मिळतोय. इथलीच झाडं लावून काठ धरेल का?

ओलमाती:
धरेल, पण आधी उतार काढा. पूर उतरला की भिजून जड झालेल्या मातीला बाहेरून असलेला पाण्याचा आधार जातो, म्हणून कडा सुटते. पाणी झिरपायला भोकं नसतील तर भिंतीवरही तोच दाब येतो, शिवाय प्रवाह तिचा पाया उकरतो. काळ्या मातीत 1 मीटर उंचीला 3 मीटर आडवा उतार बरा. माती तुमच्या बाजूने तासा. नदीत भराव अजिबात नको, पात्र अरुंद झालं की वेग वाढतो.

निर्गुडी:
पाण्यालगत शेरणी हे नदीकाठचं झुडूप लावा. तिच्या फांद्या पुरात लवतात, मोडत नाहीत. तिथेच वाळुंज या नदीकाठच्या झाडाचे अंगठ्याएवढे जाड, पाऊण मीटरचे खुंट, दोन तृतीयांश जमिनीत, फुटव्याचे डोळे वर करून. त्याच्या वरच्या उतारावर वाळा हे गवत: पाती 20 सेंमीवर छाटून ठोंब 10–15 सेंमी अंतराने, उताराला आडव्या रांगेत. रांगेत फट राहिली की पाणी तिथूनच वाट काढतं आणि ओघळ पडते. करंज, जांभूळ वर, सपाटीवर. पटकन रुजतं म्हणून बेशरमाचं झुडूप लावू नका, ते बाहेरचं आहे आणि प्रवाह कोंडतं.

खालची लागवड पूर ओसरताच करा, म्हणजे मुळांना पुढच्या पुरापर्यंत वेळ मिळतो. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागेल.

पाणवठा:
तोवर उघडी माती वाहून गेली तर?

ओलमाती:
काथ्याची जाळी अंथरा. वरची कड 30 सेंमी चरात पुरा आणि खुंट्या मारून जाळी मातीला चिकटवा. खाली पोकळी राहिली की पाणी जाळीखालून धावतं, वरून सगळं ठीक दिसतं.

छपराचं पाणी आजच काठावरून काढा. काठापासून मागे 30 सेंमी खोल खड्डा खणून पाण्याने दोनदा भरा. दुसऱ्यांदा 24 तासांत जिरलं तरच शोषखड्डा करा, तोही काठापासून लांब. काळ्या मातीत बहुधा जिरत नाही. मग बंद पाइप थेट पायथ्यापर्यंत न्या आणि तोंडाशी दगड पसरा.