नाडी मोजायची राहून गेली तो दिवस (अनुभव धागा)

काल कपाटाचा खालचा कप्पा आवरताना एक जुनी वही हाती लागली. आखलेले रकाने: तारीख, किती मिनिटं बसले, आधीची नाडी, नंतरची नाडी, 'काय वाटलं'. हो, ध्यानाची नोंदवही! जे मोजता येत नाही ते झालंच नाही, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. पानंच्या पानं भरलीत. ७८–७०, 'विशेष काही नाही'. ७६–७१, 'पाय आखडला'. ७७–७०, 'विशेष काही नाही'.

आणि एका ओळीत आधीची नाडी ७४, पुढे सगळं कोरं. तिथून पुढे वहीच कोरी.

त्या दिवशी काय झालं ते सांगायला बसलं की काहीच झालं नाही असं वाटतं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मग ऐकणारी मी कुठे गेले कळलं नाही, आवाज तेवढा उरला. उठले तर ओढणी ओली. रडले कधी?

पुढे महिनाभर कारण शोधलं. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला की हृदयाची लय श्वासाबरोबर वरखाली होते, मग ती व्हेगस नावाची नस... सगळं वाचलं, पटलं. आजही पटतं. पण ते वाचताना ओढणी ओली झाली नाही, एवढंच.

तुमचा 'का'चा हट्ट कधी सुटला का? लिहा.

वळचण: मम. फक्त माझी वही नव्हती, एक्सेल शीट होती. हसू नका.

दुपारची झोप: हसलो. रंग भरले होते का?

वळचण: हिरवा म्हणजे शांत, लाल म्हणजे चिडचिड. तीन महिने सगळं लाल. ती शीट उघडली की चिडचिड व्हायची हे फार उशिरा लक्षात आलं 😄

शेवटचा बाक: देव आहे की नाही यावर मी वीस वर्षं वाद घातलाय, बहुतेक वेळा जिंकलोय. आई गेली त्या आठवड्यात रात्री दिवा बंद करायला गेलो, तिची काठी भिंतीला टेकवलेली होती. मुठीवरचं रबर तिच्या बोटांनी झिजलेलं. त्यावर हात ठेवला आणि तोंडातून निघालं, "बघ रे तिच्याकडे." कुणाला म्हणालो? बरेच दिवस स्वतःची उलटतपासणी चालली. मग कंटाळून सोडून दिली. आता अकरा वर्षं रोज म्हणतो. वाद अजूनही घालतो, जिंकतोही.

मोरपीस: बाकदादा 🙏 काठी अजून आहे?

शेवटचा बाक: आहे. तिथेच.

कागदी होडी: पास्कल आठवला. संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांतला. २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री त्याला काहीतरी अनुभव आला. त्याने कागदावर एका ओळीत नुसतं 'अग्नी' लिहिलं, आणि देव कोणता, तर 'तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे'. तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. १६६२ मध्ये तो गेला तेव्हा नोकराच्या हाताला लागला. गंमत म्हणजे वेळ मात्र लिहून ठेवलीय, साडेदहाच्या सुमारापासून साडेबाराच्या सुमारापर्यंत!

धागाकर्ती: वेळ लिहिली!! चला, मी एकटी नाही.

मोरपीस: मलाही लिहायचंय, पण मशीन थांबलं. कपडे वाळत घालून येते.

नाही म्हणजे नाही: वेगळा सूर लावतो, राग नसावा. 'का विचारू नका' हे आमच्या घरात एका मार्गदर्शकांनी आणलं. काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. वर्षाच्या आत पक्षाघात. उजव्या हाताने अजून गुंडी लावता येत नाही. त्यामुळे कुणी तर्क बाजूला ठेवा म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते.

धागाकर्ती: राग कसला, वाचून पोटात खड्डा पडला. मी गोळ्या घेते हो, रक्तदाबाच्याच. आणि मला कुणी हट्ट सोड म्हणून सांगितलं असतं, तर मी दुसऱ्या दिवसापासून बसलेच नसते.

नाही म्हणजे नाही: हे चालेल.

कागदी होडी: 'का' न सोडणाऱ्यांसाठीही एक देतो. हान्स बर्गर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला, थोडक्यात वाचला. दूर घरी बहिणीला त्याच दिवशी काहीतरी वाईट झाल्याचं वाटलं, वडिलांची तार आली. हे मनातून मनात पोचलं कसं, या एका प्रश्नामागे तो मेंदूच्या अभ्यासाकडे वळला. १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख घेतला, १९२९ मध्ये छापला. ईईजी मिळालं. बहिणीचं कोडं राहिलं ते राहिलंच.

दुपारची झोप: भारी! अवांतर: मोबाईलवर 'पाऱ्या'तला तो आडवा र कसा काढता? माझा नेहमी रफार होतो.

वळचण: मराठी कीबोर्ड घ्या. ऱ वेगळा मिळेल, मग हलन्त, मग य.

दुपारची झोप: पाऱ्या, वाऱ्या, सुऱ्या. जमलं! धन्यवाद.

मोरपीस: आले. काय लिहायचं होतं तेच विसरले. धागाकर्ती ताई, त्या कोऱ्या ओळीचा फोटो टाका ना.

धागाकर्ती: नको गं. वरच्या ओळीत 'पाय आखडला' आहे.