जपानीची जेएलपीटी एन-४ परीक्षा द्यावी का?

प्रश्न (भुसावळ): मी नोकरी सांभाळून घरीच जपानी शिकत आहे. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, आणि एन-४ ही तिच्या पाच पातळ्यांपैकी खालून दुसरी; या परीक्षेसाठी पुण्याला जावे लागेल. केवळ आवडीने शिकणाऱ्याला या प्रमाणपत्राचा कितपत उपयोग होतो?

उत्तर (धुळे): अवश्य द्यावी. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि तारीख ठरली की अभ्यासाला शिस्त लागते. शिवाय एन-४ ला १८० पैकी ९० गुण पुरेसे असले, तरी ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ गुण स्वतंत्रपणे मिळवावेच लागतात, त्यामुळे घरी एकट्याने शिकणाऱ्यांचा जो भाग हमखास कच्चा राहतो, तो झाकून ठेवता येत नाही. माझ्या मते हाच तिचा खरा लाभ आहे.

उत्तर (नंदुरबार): मी सहमत आहे, परंतु या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते आणि सर्व प्रश्न बहुपर्यायी असतात. मॅक्सम्युलर भवन या जर्मन भाषा शिकवणाऱ्या संस्थेच्या परीक्षांत मात्र बोलणे आणि लिहिणेही तपासले जाते. (आपण खानदेशातले लोक अहिराणी बोली बोलतच शिकलो, हे येथे लक्षात घ्यावे.) म्हणून तयारी चालू असतानाच बोलण्यासाठी कोणीतरी सोबती शोधा, प्रमाणपत्र मिळाल्यावर पाहू म्हटले की ते राहून जाते.

प्रश्नकर्ता: आपणा दोघांचा आभारी आहे. डिसेंबरच्या परीक्षेसाठी अर्ज भरतो आणि ऐकण्याचा सराव आजपासूनच सुरू करतो.