धाकट्या बहिणीचा पदवीदान समारंभ: फोटो, गाऊन आणि बाकीची तयारी

मधली_रांग
मंडळी, पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा पदवीदान समारंभ आहे. घरचे पाच जण जाणार, त्यात आजी (वय ८१, जिना चढवत नाही). बंदिस्त सभागृह आहे, आमच्या खुर्च्या मंचापासून साधारण २५ मीटरवर. एक जुना डीएसएलआर आहे, ७०-२०० एफ/२.८ लेन्स भाड्याने आणता येईल. फ्लॅशला मनाई आहे. यादीत तिचा क्रमांक २१२.
१) मंचावरचा फोटो हुकू नये म्हणून काय करायचं?
२) गाऊन, हूड (गळ्यात घालून पाठीवर सोडायचा रंगीत अस्तराचा पट्टा), टोपी दोन दिवस आधी हातात पडणार. नीट बसवायचं कसं?
३) आजीसाठी काय बघून ठेवू?

भिंग
आधी अंतराचा हिशेब. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्स लावून २५ मीटरवरून आडवा फोटो काढला, तर चौकटीत ४.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच एवढा भाग येतो. पदवी देणारा आणि घेणारी, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत व्यवस्थित. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला (२६ मिमीच्या आसपास) तिथूनच २५ मीटर उंचीचा पसारा दिसतो, म्हणजे १.७ मीटरचा माणूस चौकटीच्या पंधराव्या हिश्शाएवढा. लेन्स आणाच. फोनवर व्हिडिओ घ्या.

वेळेचा हिशेबही तिथेच करा. पहिली दहा नावं घड्याळ लावून मोजा. एका नावाला ८ सेकंद लागत असतील तर २१२ वं नाव सुमारे २८ मिनिटांनी येईल. क्रमांक २०० झाला की कॅमेरा डोळ्याला, २०७ ला फोकस मंचावरच्या त्या ठरावीक जागी. कोण कुठे थांबतं, कुठे वळतं हे आधीच्या मुलांवरून कळतं. त्यांचेच चाचणी फोटो काढा, फुकटची तालीम आहे.

सेटिंग: मॅन्युअल मोड, एफ/२.८ (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं), शटर १/२५० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, नंतर सुधारता येणारी). ऑटोवर ठेवलंत की काळा गाऊन आणि काळा पडदा बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. ऑटो वापरायचाच असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे ०.७ ते उणे १ वर.

दुसरी पंचाईत एलईडी दिव्यांची. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५० वर फोटोत आडवे पट्टे येतात किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा रंग वेगळा पडतो. पट्टे दिसले तर सरळ १/१०० वर या (६० हर्ट्झ असेल तर १/१२५) आणि आयएसओही त्याच मापाने खाली आणा. मग चालतानाचा फोटो सोडून द्यायचा, हात हातात घेऊन दोघं थांबतात तेव्हाच दाबायचं. १/१०० वर २०० मिमी हातात हलते, म्हणून लेन्समधलं स्टॅबिलायझर चालू आणि कोपरं पोटाशी. ट्रायपॉडचा नाद नको, मागची रांग ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.

आणि जागा निवडता येत असेल तर हे बघा: मुलं प्रेक्षकांच्या डावीकडून मंचावर चढत असतील तर तुम्ही उजवीकडे बसा. चालताना तोंड उजवीकडे असतं. उलट बाजूला बसलात तर टोपीची कड आणि कानच मिळेल.

वेलबुट्टी
गाऊन आला की त्याच दिवशी पिशवीतून काढून हँगरवर टांगा. बहुतेक गाऊन पॉलिस्टरचे. इस्त्री मंद आचेवर, आतल्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून. गरम इस्त्री थेट टेकली की चकचकीत डाग पडतो आणि तो निघत नाही, भाड्याचा असेल तर अनामत गेली. न्हाणीघरात वाफ धरून टांगला तरी घड्या बऱ्याच सुटतात.

खरा त्रास हूडचा. त्याचं सगळं वजन पाठीवर, त्यामुळे पुढचं टोक हळूहळू वर सरकतं आणि गळ्याला काचतं. म्हणून पुढे आतून एक छोटी दोऱ्याची फास असते, ती शर्टाच्या बटणात अडकवायची. बटण नसलेला पोशाख असेल तर आतून छोटी सेफ्टी पिन लावून फास तिच्यात. शिवाय दोन्ही खांद्यांवर हूड आणि गाऊन मिळून एकेक पिन, तीही आतून. पाठीमागे अस्तराचा रंग दिसेल असा हूड उलटवायचा असतो. हे तिचं तिला दिसत नाही, दुसऱ्याच कुणीतरी करायला हवं. तेवढ्यासाठी एक जण रांगेत जाण्याआधी तिच्याजवळ ठेवा.

टोपी आडवी, जमिनीला समांतर, भुवयांच्या साधारण दोन बोटं वर. मागे कललेली टोपी ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, ओठंगून ठेवल्यासारखी दिसते. फार पुढे ओढली तर तिची सावली डोळ्यांवर पडते. केसांच्या चार पिना: दोन पुढे, दोन कानांमागे. उंच अंबाडा घातला की टोपी बसतच नाही, अंबाडा मानेवर घ्या. गोंडा कोणत्या बाजूला हे संस्था सांगते, पण डोळ्यापुढे येऊ देऊ नका. गाऊनला बहुधा खिसे नसतात, तिचा फोन-चष्मा घरच्यांकडे.

टोपी उडवण्याचा फोटो हवाच असेल तर वीत-दोन वीत सरळ वर, जोरात फेकायची नाही. आतला पुठ्ठा कडक असतो, कोपरा डोळ्यात लागतो. पावसात भिजली तर तोच पुठ्ठा वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

उतरता_जिना
आजींसाठी: आयोजकांना आधीच विचारा की उतार किंवा लिफ्ट कोणत्या दारापाशी आहे आणि गाडी तिथपर्यंत येते का. रांगेच्या कडेची, दाराजवळची खुर्ची मागा. स्वच्छतागृह किती लांब आहे हे स्वतः चालून बघा. एसीत दोन-तीन तास बसायचं तर शाल हवीच. संपल्यावर लगेच उठू नका, १५ मिनिटं थांबलात तर दारातली रेटारेटी ओसरते. जमणारच नसेल तर थेट प्रक्षेपण आहे का बघा, पण ते काही सेकंद मागे असतं. फोन करून "आता बघ" म्हणाल तेव्हा पडद्यावर आधीचंच नाव चालू असेल.

मधली_रांग
सगळ्यांचे आभार, एवढं बारीक कुणी सांगितलं नव्हतं. अजून दोन: घरच्यांचा एकत्र फोटो किती वेळा काढावा? आणि पदवी प्रमाणपत्र लगेच लॅमिनेट करून घ्यावं, असं काका म्हणतात.

जुना_कागद
काकांना थांबवा. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिकचा गोंद कागदात भिनतो, तो परत सुटत नाही. उठावाचा शिक्का चपटा होतो, होलोग्रामला फुगे येऊ शकतात. पुढे साक्षांकनासाठी मागच्या बाजूला शिक्का मारायचा असेल तर शाई कागदाला लागतच नाही, आणि म्हणून लॅमिनेट केलेलं मूळ प्रमाणपत्र बरेच ठिकाणी परत पाठवतात.

त्याऐवजी: हातात आल्या आल्या तिथेच नावाचं स्पेलिंग, शाखा, वर्ष तपासा. दुरुस्ती तेव्हा सोपी. घरी रंगीत स्कॅन, ३०० डीपीआय पुरे, ६०० उत्तम, दोन ठिकाणी जपून ठेवा. मूळ कागद पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं नकोत, त्यातलं रसायन छपाई उचलतं आणि अक्षरं पाकिटाला चिकटतात. भिंतीवर लावायचं तर चांगली रंगीत प्रत लावा. मूळच लावायचं असेल तर कडेने अॅसिडमुक्त माउंट, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. चिकटपट्टी अजिबात नाही, कोपऱ्यांत कागदी खाचा. बाहेरची ओलसर भिंत आणि समोरून ऊन येणारी भिंत टाळा. यूव्ही काच लावली तरी साध्या उजेडानेही शाई फिकी होतेच, फक्त हळू.

भिंग
किती फोटो याचं चक्क गणित आहे. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाचं बक्षीस) यासाठीच मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी उजेडात २ ने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची खात्री जवळजवळ होते. तुम्ही सहा जण: दोन किंवा तीन. मी म्हणेन दहा काढा, कारण गणितात फक्त पापण्या धरल्यात, गोंडा तोंडावर येणं किंवा कुणी भलतीकडे बघणं धरलेलं नाही. एफ/५.६, उघड्यावर पण सावलीत, सूर्य पाठीशी. आजी खुर्चीत मध्ये, बहीण शेजारी गुडघ्यावर. गाऊन काळा असल्यामुळे मागे काळी भिंत नको, तिची आकृतीच हरवते. आणि हा फोटो समारंभाच्या आधी उरका, नंतर टोपी कललेली असते आणि दारात हीऽऽ गर्दी.

मधली_रांग
प्रमाणपत्रावर उठावाचा शिक्का आहे, आधीच्या वर्षीच्या एकाचं स्कॅन बघितलं तर त्यात तो दिसतच नाही. स्कॅनरच खराब?

जुना_कागद
स्कॅनर ठीक आहे. त्याचा उजेड बहुतेक सपाट पडतो, मग उंचवट्याची सावलीच तयार होत नाही. स्कॅन ठेवाच, जोडीला एक फोटो काढा: कागद टेबलावर, खोलीतले दिवे बंद, टॉर्च कागदाच्या कडेला जवळजवळ आडवी धरून. शिक्क्यातली अक्षरं एकेक करून वाचता येतील.