अनुभव धागा: घरातलं जुनं वायरिंग बदललंत का? सगळं की थोडं?

शहापूरकर
देवघरातलं बटण दाबलं की चर्र व्हायचं, म्हणून परवा बोर्ड उघडला. वायरीला नुसतं बोट लागलं आणि वरचं रबर शेंगदाण्याच्या फोलपटासारखं गळून पडलं. आत उघडं तांबं. आणि तो वास!

तोच वास मी चौथीत असताना गणेश चवथीच्या रात्री आला होता. फ्यूज सारखा जातोय म्हणून आबांनी किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खाचेत) तार दुहेरी पिळून घातली होती. आरतीला सगळे उभे, आणि माळ्याखालच्या वायरिंगच्या लाकडी पट्टीतून धूर. आजी कळशी घेऊन धावली. आबा ओरडले, "पाणी नको!" मेन ओढला आणि तुळशीतली माती मुठीनं फेकली. आजीची कळशी तशीच हातात, थरथरत होती.

घर तेच, पट्ट्याही बऱ्याचशा त्याच. पुण्याचा भाऊ म्हणतो, दिवाळीनंतर बघू. सगळं बदलू की स्वयंपाकघरापुरतं? तुमचं काय झालं ते लिहा.

खानापूरची माहेरवाशीण
बदला. भाकरी तव्यावर आहे, मागाहून लिहिते.

अनगोळ तिसरी गल्ली
आम्ही थोडंच केलं आणि पस्तावलो. गिझरला नवी लाईन, पुढच्या खोल्यांना जुनीच. पण बोर्डात सगळीकडे नवे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारी बटणं), 32 अँपिअरचे. का, तर "सारखं ट्रिप नको व्हायला." इस्त्री लावली की भिंतीतली पट्टी गरम व्हायची आणि एमसीबी ढिम्म. एमसीबी वायरीला जपायला असतो हे तेव्हा कोण सांगणार? दिव्याच्या 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीला 10 चा पुरे. दोन वर्षांनी सगळं उपसलं, खर्च दुप्पट.

वडगाव माग
आमच्याकडं मागाच्या शेडचं वायरिंग नवं आणि राहत्या घराचं आजोबांच्या वेळचं. धंद्याला पैसा निघतो, घराला निघत नाही. यंदा काढणार.

सीमाभाग
@वडगाव माग दादा, साडीचं विचारलेलं, झाली का तयार? वहिनी वाट बघत्यात.

वडगाव माग
@सीमाभाग काठ राहिलाय. बुधवारी या.

खानापूरची माहेरवाशीण
हं, आले. आमच्या जुन्या घरात फेजला (करंट येतो ती वायर) एक फ्यूज, न्यूट्रलला (परतीची वायर) एक. पावसात न्यूट्रलचा फ्यूज उडाला. दिवा गेला म्हणजे लाईट गेली असंच काका समजले आणि होल्डर काढायला स्टुलावर चढले. फेज तर चालूच होता! स्टूल लाकडाचं म्हणून वाचले. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. काकू आजसुद्धा बल्ब बदलताना मेन ओढून तिथंच उभ्या राहतात, कुणाला हलू देत नाहीत.

टिळकवाडी
अगं बाई. काकांना नमस्कार सांग.

उचगावची लेक
आमच्या भिंती मातीच्या. खोदलं की ढासळतात म्हणे. म्हणून अडलंय.

निपाणीचा वायरमन (निवृत्त)
@उचगावची लेक अक्का, खोदायचंच नाही. वरून पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी मारायची. दिसायला बरी नसते, पण उंदीर लागला तर उघडून बघता येतं.

@शहापूरकर आधी मेगर (वायरीवरचं रबर किती धड आहे ते मोजायचं यंत्र) लावून घ्या. 500 व्होल्टचा मेगर, बल्ब आणि प्लग सगळे काढून. 1 मेगओहमच्या खाली आलं तर विचारच नको, सगळं काढा. तुमचं रबर हातात आलंय म्हणजे मेगरच्या आधीच उत्तर मिळालंय. अर्थिंगची वायर प्रत्येक प्लगपर्यंत न्या. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवाच. तो सारखा पडतोय म्हणून लोक काढून टाकतात. अहो, तो पडतोय म्हणजे कुठंतरी करंट गळतोय, तेच तर सांगतोय. ते ऐकायचं सोडून त्यालाच काढायचं? चाळीस वर्षं हेच बघत आलो, राग येतो.

टिळकवाडी
जुन्या पट्ट्या टाकू नका हं. आमच्या सागवानाच्या निघाल्या. क्लिपा आणि खिळे काढून देव्हाऱ्याची चौकट केली.

कडोली
कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येतंय तेव्हापासून मीटरकडं कुणी बघत नाही. पूर्वी बिल वाढलं की बाबा लगेच घर धुंडाळायचे.

शहापूरकर
@कडोली हे वाचून आत्ताच उठलो. सगळे दिवे बंद केले, फ्रीज, टीव्ही, टाकीच्या मोटरचे प्लगही काढले. मेन चालू. मीटरचा लाल दिवा तरी लुकलुकतोय. मग देवघराच्या लाईनीचा फ्यूज ओढला, तर थांबला. आई समई लावून तिथंच बसलीय. म्हणते, देवाला लाईट कशाला लागते, आधी हे करून घे.

भावाला मीटरचा व्हिडिओ पाठवला. दोन मिनिटांत फोन आला, "अर्धे मी देतो, दिवाळीची वाट बघू नकोस." @निपाणीचा वायरमन काका, शहापुरात मेगर घेऊन येणारं कुणी ओळखीचं आहे का?

निपाणीचा वायरमन (निवृत्त)
माझा शिष्य आहे, लायसनवाला. उद्या सकाळी पाठवतो. तोवर तो फ्यूज परत घालू नका.